सगळंच 'चेक' कसं करणार? तपासणं-जोखणं सांगणारी इंग्रजी क्रियापदं निवडण्याची रीत

एका संस्थेसाठी पाणीपुरवठा योजनेचा मराठी अहवाल इंग्रजीत करत होतो. पहिला खर्डा वाचून पाहिला तर एकाच पानावर 'चेक' अकरा वेळा आणि 'जज' तीनदा. स्वतःचीच लाज वाटली. मग सगळे करतात तेच केलं. शब्दावर कर्सर, शिफ्ट आणि एफ-७, समोर आलेली समानार्थी यादी, आणि त्यातले शब्द खिरापत वाटावी तसे पानभर वाटून टाकले. दुसऱ्या दिवशी संपादिकाबाईंचा फोन आला. "अहो, समितीने विहिरीचा निवाडा केला असं लिहिलंय तुम्ही. विहीर कुणाशी भांडत होती?"

'जज'च्या जागी मी 'अ‍ॅडज्युडिकेट' ठोकून दिलं होतं. ते दोन पक्षांचा वाद असेल तरच चालतं, हे यादीत कुठे लिहिलेलं असणार!

तेव्हापासून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. इंग्रजी शब्दाला इंग्रजी शब्द शोधत बसायचं नाही. आधी मराठीत नेमकं काय म्हणायचंय ते पाहायचं. पारखणं, जोखणं, निरखणं, पडताळणं, अजमावणं, चाचपणं, छाननी, पाहणी, झडती, शहानिशा, आढावा, आकारणी. इतकी बारीक हत्यारं आपल्या घरात असताना आपण शेजारच्याचा पाना मागत फिरतो.

आधी मराठीतला 'चेक' काढा

अडचणीचं मूळ बऱ्याचदा आपल्या मराठीतच असतं. गॅस चेक कर, दूध चेक कर, ताप चेक केला, पेपर चेक केले, कागदपत्रं चेक झाली. 'चेक करणं' या एका क्रियापदाने मराठीतली डझनभर क्रियापदं गिळली आहेत. ते जसंच्या तसं इंग्रजीत गेलं की तिथेही एकच शब्द उरतो.

म्हणून पहिली पायरी अशी: वाक्य 'चेक'शिवाय मराठीत लिहा. गॅस बंद आहे का बघ. दूध नासलंय का बघ. ताप मोजला. पेपर तपासले. कागदपत्रं मुळाशी ताडून पाहिली. लिहिता लिहिताच कळतं की यातल्या ताप मोजण्याला इंग्रजीत 'टेक' लागतं, पेपरला भारतात 'करेक्ट' किंवा 'इव्हॅल्युएट' आणि ब्रिटनमध्ये 'मार्क', अमेरिकेत 'ग्रेड', कागदपत्रांना 'व्हेरिफाय'. 'चेक' राहतो तो गॅस आणि दुधापुरता, आणि तिथे तो अगदी चपखल आहे. तो वाईट शब्द नाही. घाईने एक नजर टाकून हो-नाही ठरवायचं असेल तर त्याच्याइतका चांगला शब्द दुसरा नाही.

जाता जाता: हा 'चेक' आपल्याला परका नाही. बुद्धिबळात राजाला देतात तो फारसी 'शाह' फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि 'चेक' झाला. आपण त्यालाच 'शह' म्हणतो. राजाला शह, म्हणजे अडवणं. अडवण्यावरून रोखून पाहणं, तपासणं.

मग चार प्रश्न विचारा

कोण पाहतंय? काय पाहतंय? कशाशी ताडून पाहतंय? आणि शेवटी हातात काय पडणार आहे? चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा.

सोनं तारण कर्जाच्या काउंटरवर अर्धा तास बसलात तर हे चारही प्रश्न डोळ्यांसमोर सुटतात. बाई पाटली काढून देतात. बँकेने नेमलेला सराफ ती काळ्या दगडावर घासतो, रेघेवर आम्लाचा थेंब टाकतो आणि रेघ कितपत टिकते ते बघतो. हे 'टेस्ट'. काहीतरी करून बघायचं आणि वस्तू काय उत्तर देते ते पाहायचं. मग पाटली काट्यावर जाते. लाख, खडे यांचं वजन वजा होतं. हे 'वे', आपलं जोखणं. त्यानंतर तो त्या दिवसाच्या भावाने रक्कम लिहितो. हे 'अप्रेझ' किंवा 'व्हॅल्यू'. शेवटी हातात रुपयांतला आकडा पडतो. पलीकडच्या टेबलावरची मुलगी आधार कार्डाची प्रत मूळ कार्डाशी लावून बघते. हे 'व्हेरिफाय', इथे दोन गोष्टी लागतात, एक समोरची आणि एक खात्रीची. आतल्या केबिनमध्ये मॅनेजर बाईंचं उत्पन्न, जुनी कर्जं, फेडण्याची ऐपत यांचा एकत्र विचार करतात. हे 'असेस'. आणि वर्षाअखेरीला कुणीतरी येऊन ही सगळी पाकिटं आणि वह्या नियमाप्रमाणे आहेत का ते पाहील, ते 'ऑडिट'.

एकच पाटली आणि सहा क्रियापदं. यातलं एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. 'द क्लार्क अप्रेझ्ड हर आधार कार्ड' म्हणालात तर कार्डाची किंमत काढली असा अर्थ होईल.

त्या काळ्या दगडाला कसोटी म्हणतात, संस्कृतात निकष. निकष लावणं, कसाला लागणं, कसोटीला उतरणं हे आपले वाक्प्रचार त्याच दगडावरून आले. इंग्रजीतही थेट तसंच: 'टचस्टोन'. आणि 'टेस्ट' हा शब्द लॅटिनमधल्या मातीच्या भांड्याच्या नावावरून आला, ज्यात धातू वितळवून त्याचा कस काढत. आपल्या सोनाराची मूसच म्हणा. मुळं आठवत असली की शब्द चुकीच्या जागी पडत नाही. म्हणून मी ती मुलांना मुद्दाम सांगतो.

हातात काय पडणार, त्यावरून घर शोधा

दोष सापडणार की नाही एवढंच पाहायचं असेल तर 'इन्स्पेक्ट'. यात डोळा आहे आणि बहुधा अधिकारही आहे. कारखाना, पूल, शाळा, स्वयंपाकघर 'इन्स्पेक्ट' होतात. मराठीत अधिकारी जागेवर जाऊन करतो ती पाहणी किंवा तपासणी. त्याच घरात 'व्हेट' राहतो. तो घोड्यांच्या शर्यतींच्या जगातून आला. जनावरांच्या डॉक्टरकडून घोडा तपासून घेणं. आता उमेदवार आणि करारांचे मसुदे 'व्हेट' होतात. सरकारी कार्यालयांत 'विधी विभागाकडून व्हेटिंग करून घ्या' असं सर्रास म्हणतात, ते बरोबर आहे.

आकडा हवा असेल तर 'एस्टिमेट', 'गेज', 'अप्रेझ'. 'गेज'चं स्पेलिंग पाहून 'गॉज' म्हणू नका. लोकांचा कल कसा आहे हे अजमावणं म्हणजे 'गेज', नेमका आकडा निघाला नाही तरी चालतं. 'अप्रेझ'ला एक जुळ्यासारखा दिसणारा शेजारी आहे, 'अप्राइझ'. त्याचा अर्थ माहिती देणं, अवगत करणं. 'साहेबांना परिस्थितीची कल्पना दिली' या जागी 'अप्रेझ्ड' लिहिलेली पत्रं मी ढिगाने पाहिली आहेत.

'असेस' आणि 'इव्हॅल्युएट' यांच्यापाशी थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे आणि मूल्यमापन-मूल्यांकन ही आपली जोडीही तितकीच सरमिसळ झालेली आहे. 'असेस'चं लॅटिन मूळ 'शेजारी बसणं'. न्यायाधीशाच्या बाजूला बसून कर किंवा दंड किती ते ठरवणाऱ्या मदतनिसाचं हे काम. घरपट्टीची आकारणी म्हणजे 'असेसमेंट', हा आपल्या नगरपालिकेतला वापर त्या मुळाशी किती इमानदार आहे बघा. म्हणून 'असेस' तिथे, जिथे स्थिती किती, कशी, कुठवर आहे हे ठरवायचंय: नुकसान, जोखीम, गरज, विद्यार्थ्याची आजची तयारी. 'इव्हॅल्युएट'मध्ये मोल आहे. एखादी गोष्ट झाली किंवा होणार आहे, तिचा उपयोग किती, ती करण्याजोगी होती का? योजना, औषध, पर्याय, पुरावा 'इव्हॅल्युएट' होतात. अतिवृष्टीनंतर तलाठी शेतात येतो तेव्हा तो नुकसान 'असेस' करतो. तीन वर्षांनी कुणी येऊन भरपाईच्या योजनेने शेतकऱ्याचं भलं झालं का ते पाहतो, तेव्हा ती योजना 'इव्हॅल्युएट' होते. सीमारेषा पुसट आहे हे कबूल. दोन्ही चालतील अशी वाक्यं भेटतील. तिथे डोकं फोडू नका.

सत्य किंवा कारण शोधायचं असेल तर मराठीने आपलं काम आधीच करून ठेवलंय. पोलीस तपास करतात, समिती चौकशी करते. फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ मध्ये हाच भेद होता. पुरावा गोळा करण्याचं पोलिसांचं काम 'इन्व्हेस्टिगेशन', दंडाधिकारी किंवा न्यायालय करतं ती 'इन्क्वायरी', आणि त्यापुढे खटला म्हणजे 'ट्रायल'. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, भेद तोच राहिला. तेव्हा विभागीय चौकशीला 'डिपार्टमेंटल इन्व्हेस्टिगेशन' म्हणू नका. 'इन्व्हेस्टिगेट'च्या पोटात लॅटिनमधलं पाऊल आहे. पावलांचा माग काढत जाणं. 'प्रोब' मात्र मथळ्याचा शब्द आहे. छोटा असल्याने उपसंपादकांना प्रिय. अहवालात तो भडक वाटतो.

'एक्झॅमिन' आणि चाळणीचं कुटुंब

बारकाईने पाहायचं पण निकाल लगेच द्यायचा नाही, तिथे 'एक्झॅमिन'. लॅटिनमध्ये याच्या मुळाशी तराजूचा काटा आहे. आपला 'काटेकोर' आठवला ना? डॉक्टर पेशंटला 'एक्झॅमिन' करतात, पेशंटचं रक्त मात्र प्रयोगशाळेत 'टेस्ट' होतं. कोर्टात साक्षीदार 'एक्झॅमिन' होतो, आणि इथे मराठी इंग्रजीपेक्षा सुटसुटीत आहे: सरतपासणी, उलटतपासणी, फेरतपासणी. इंग्रजीत पहिलीला 'एक्झॅमिनेशन-इन-चीफ', दुसरीला 'क्रॉस', तिसरीला 'री'. उलटतपासणी घेणं म्हणजे उलटसुलट प्रश्न विचारून भंडावणं नव्हे, तर विरुद्ध पक्षाने घेतलेली तपासणी. बोलण्यात आपण तो अर्थ सैल केलाय, तसा इंग्रजांनीही.

पुढचं कुटुंब सरळ स्वयंपाकघरातून आलंय. 'सिफ्ट' म्हणजे चाळणं, 'विनो' म्हणजे पाखडणं, 'स्क्रीन'चा एक अर्थ चाळणीच. राज्यसेवेच्या उमेदवारांना 'चाळणी परीक्षा' ठाऊक असते, ती 'स्क्रीनिंग टेस्ट'. 'स्क्रूटिनी'ही याच पंक्तीतली; तिच्या मुळाशी चिंध्या-भंगार उचकटून पाहणं आहे. निवडणुकीत उमेदवारी अर्जांची छाननी होते ती 'स्क्रूटिनी', लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्येही हाच शब्द. आणि छाननी तर छानणे, गाळणे यावरून. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तेच भांडं उचललं. खूप गोष्टींतून थोड्या वेगळ्या काढायच्या असतील तर या घरातला शब्द घ्या. समोर एकच वस्तू असेल आणि निवड करायचीच नसेल, तर सहसा 'स्क्रीन' नको.

'जज'चे चार चेहरे

कोर्टात निवाडा, स्पर्धेत परीक्षण, रस्ता ओलांडताना अंतराचा अंदाज, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर 'यार, मला जज करू नकोस'. इंग्रजीत चारही 'जज', पण पर्याय चारही वेगळे. निवाड्याला 'रूल', 'अ‍ॅडज्युडिकेट' किंवा लवाद असेल तर 'आर्बिट्रेट'. अंदाजाला 'एस्टिमेट' किंवा 'गेज'. कट्ट्यावरच्या 'जज'ला मराठीत सुंदर शब्द आहे, नावं ठेवणं. इंग्रजीत तिथे 'क्रिटिसाइझ' किंवा 'लुक डाउन ऑन'. स्पर्धेच्या परीक्षणाला मात्र 'जज'च ठेवा, त्याहून चांगलं काही नाही. समितीने सगळं पाहून मत दिलं असेल तर 'फाइंड' नावाचा साधा शब्द विसरू नका. माझ्या विहिरीला तोच हवा होता.

यादी कुठून काढायची

आता, चार प्रश्न झाल्यावर, यादी उघडायला हरकत नाही. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ मध्ये छापलेला थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, आकारविल्हे नाही, कल्पनांच्या क्रमाने आहे. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या १९११ च्या आवृत्तीत नोंद क्रमांक ४६१ वर 'इन्क्वायरी' आहे, ४६३ वर 'एक्स्पेरिमेंट', ४६४ तुलना, ४६५ भेद ओळखणं, ४६६ मापन आणि ४८० वर 'जजमेंट'. या क्रमातच एक गोष्ट आहे: शोधा, करून बघा, ताडून बघा, मोजा, मग मत द्या. एकदा ती पानं सलग वाचाच. पण यादी जुनी आहे; तिथून उचललेला शब्द आजच्या कोशात पाहिल्याशिवाय वापरू नका.

आजचा कोश म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचा: ऑक्सफर्ड लर्नर्स, लाँगमन, कोलिन्स कोबिल्ड. यांत अर्थापेक्षा उदाहरणं वाचा. मराठीकडून निघायचं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) ऑनलाइन शोधता येतो. 'पारखणे' घाला आणि समोर काय येतं ते बघा. इंग्रजी एकोणिसाव्या शतकातलं आहे, एवढं लक्षात ठेवा. सरकारी कागद असेल तर १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा, तिथे ठरलेला शब्द सोडून आपलं चातुर्य दाखवण्यात अर्थ नाही.

सोबत कोण बसतं ते बघा

क्रियापद निवडलं की त्याला कोणतं नाम चालतं ते पाहायचं. शोधपेटीत दोन्ही शब्द अवतरणचिन्हांत एकत्र टाका: 'असेस द डॅमेज', 'अप्रेझ द डॅमेज'. ढीग कुठे आहे ते लगेच दिसेल. शंभर कोटींहून जास्त शब्दांचा अमेरिकन इंग्रजीचा कोका हा संग्रह नोंदणी करून वापरता येतो. तिथे क्रियापद दिलं की त्याच्या पंगतीला बसणारी नामं क्रमाने मिळतात.

शब्दयोगी अव्ययांत आपण हमखास घसरतो, कारण मराठीतली 'ची', 'बद्दल', 'वर' सोबत येतात. 'तक्रारीची चौकशी' म्हणताना 'इन्क्वायर इनटू', पण 'इन्व्हेस्टिगेट'ला काहीच नको. 'इन्व्हेस्टिगेट इनटू' चूक. 'रिव्ह्यू अबाउट' नाही, नुसतं 'रिव्ह्यू'. 'चेक फॉर' म्हणजे गळती वगैरे आहे का ते बघणं, 'चेक विथ' म्हणजे कुणाला तरी विचारून घेणं.

दोन-तीन खड्डे वेगळे सांगतो. 'लुक ओव्हर' म्हणजे नजर टाकणं, आणि तेच दोन शब्द उलटून जोडले की 'ओव्हरलुक', म्हणजे नजरेतून सुटणं. 'ओव्हरसाइट' तर देखरेखही आहे आणि नजरचूकही. 'रिव्ह्यू द ड्राफ्ट' म्हणजे वाचून मत कळवा. 'रिव्हाइझ द ड्राफ्ट' म्हणजे बदल करा. एका शब्दाच्या फरकाने सहकाऱ्याने तुमचा मसुदा खोडून ठेवलेला सापडेल. आणि 'अवलोकनार्थ'ला आपण लिहितो तो 'पेरुझल'. याचा अर्थ नीट, संपूर्ण वाचणं. वरवर चाळायला देताय तर तो शब्द नको.

उलटं करून बघा

शेवटची पायरी वेळखाऊ आहे, पण मी ती सोडत नाही. इंग्रजी मजकूर दोन दिवस बाजूला ठेवायचा, मूळ मराठी झाकायचं आणि इंग्रजीवरून पुन्हा मराठी करायचं. सगळीकडे 'तपासलं' असंच आलं तर भेद पोचलेला नाही.

माझ्या अहवालातला तो परिच्छेद मुळात असा होता: अभियंत्यांनी टाकीची पाहणी केली. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले. बिलं मोजमाप पुस्तिकेशी ताडून पाहिली. समितीने वर्षभराच्या कामाचा आढावा घेतला आणि विहिरीचं काम समाधानकारक असल्याचं मत दिलं. गळतीच्या तक्रारीची चौकशी सुरू आहे. दुसऱ्या खर्ड्यात टाकी 'इन्स्पेक्टेड' झाली, नमुने 'टेस्टेड', बिलं 'व्हेरिफाइड अगेन्स्ट द मेजरमेंट बुक', काम 'रिव्ह्यूड', विहीर 'फाउंड सॅटिसफॅक्टरी', आणि समिती तक्रारीबाबत 'इन्क्वायरिंग'. उलटं केलं तेव्हा पाहणी, तपासणी, पडताळणी, आढावा, मत, चौकशी अशी सगळी परत आली. पान बाईंकडे पाठवलं. या वेळी लाल खूण एकच होती: 'इन्क्वायरिंग'पुढचं 'इनटू' राहिलं होतं.